तांबडी का टोचते: एका आक्रमक कोंबडीच्या प्रकल्प नोंदी

कळप: सहा माद्या, कोंबडा नाही. काळी (सगळ्यात थोरली आणि सगळ्यांच्या वरची), तांबडी, पांढरी, कवडी आणि हिवाळ्यात आलेल्या दोन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या). खुराडं सहा फूट बाय चार फूट, पुढे जाळी मारलेलं मोकळं अंगण.
काम: तांबडी इतरांवर तुटून पडते त्याचं कारण शोधायचं आणि ते थांबवायचं, शक्यतो तिला कळपातून न काढता.

३ मार्च

आज रक्त आलं, म्हणून आजपासून वही. कवडीच्या तुऱ्याच्या दुसऱ्या दात्याचा शेंडा फाटलाय. डोळ्याच्या जरा वर एक ताजी खूण आहे. मानेवरची थोडी पिसं गेलीत आणि उघड्या कातडीवर रक्त वाळून काळं पडलंय. तांबडी तिच्या मागे लागते हे काही आठवडे दिसत होतं, पण तेवढ्यावर कोणी वही काढत नाही. रक्ताची गोष्ट वेगळी. लाल ठिपका दिसला की एरवी शांत असलेली कोंबडीसुद्धा येऊन तिथेच टोचते, आणि जखम रोज मोठी होत जाते.

लिटरभर पाणी उकळून गार केलं, त्यात ९ ग्रॅम मीठ घालून त्याने जखम धुतली. डॉक्टरांकडचं मलम लावलं. कवडीला अंगणातच जाळीच्या आड ठेवलंय, म्हणजे तिला कळप दिसेल आणि कळपाला ती. पूर्ण नजरेआड ठेवलं तर परत येताना ती परकी ठरते आणि मार वाढतो.

या कामासाठी स्वतःला घातलेली अट: तांबडीला हाकलायचं नाही, पाण्याचे फवारे मारायचे नाहीत, झाडू उगारायचा नाही. त्याने ती माणसाला घाबरायला लागेल आणि टोचणं आपल्या पाठीमागे चालू राहील. आधी बघायचं, मग हात घालायचा.

५ मार्च

सकाळी दार उघडताना आणि संध्याकाळी त्या दांडीवर चढेपर्यंत स्टूल टाकून बसले. वहीत चार रकाने: वेळ, जागा, कोणाला, अंगावर कुठे.

शेवटच्या रकान्यावर सगळं अवलंबून आहे. कोंबड्यांच्या टोचण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार असतात. डोक्यावर, तुऱ्यावर, मानेच्या वरच्या अंगाला जोरात बसणारी टोच भांडणाची. तिच्या आधी मान ताठ होते, मानेची पिसं फुलतात आणि टोच वरून खाली येते. दुसरा प्रकार पिसं उपटण्याचा: पाठीवर, शेपटीच्या मुळाशी, शेपटीखाली, एकेक पीस ओढत राहणं. त्यात भांडणाचा काही संबंध नसतो. जमीन उकरून खाणं शोधायची उपजत ओढ असते, उकरायला काही मिळालं नाही की ती शेजारणीच्या पिसांकडे वळते. त्यावर उपाय म्हणजे उकरायला भरपूर तूस, पाला, टांगलेली भाजी. भांडणावर हे उपाय फारसे चालत नाहीत, तिथे कशावरून भांडण आहे तेच शोधावं लागतं.

तांबडीची प्रत्येक टोच डोक्यावर. पाठीवरची एकही नाही.

कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड असते, हे नॉर्वेच्या टोर्लीफ श्येल्डरुप-एब्बे यांनी लहानपणापासून आपल्या घरच्या कोंबड्या पाहून टिपलं आणि १९२१ सालच्या प्रबंधात मांडलं. उतरंड ठरलेली असली की कळप शांत असतो. वरच्या कोंबडीने नुसती मान उचलली तरी खालची बाजूला होते, टोचायची वेळच येत नाही. आमची काळी तशीच आहे, तिला भांडताना मी क्वचितच पाहिलंय. म्हणून तांबडी रोज एवढी टोचते याचा अर्थ तिला 'वर' जायचंय असा मी घेत नाही. काळीच्या वाटेला ती जातच नाही.

आणखी एक. कवडी जाळीआड आहे, तरी टोचणं थांबलेलं नाही. आता ते तलंगांवर आणि पांढरीवर आलंय. म्हणजे कवडीशी वैर हे कारण नव्हे. दुपारी तर तांबडी आणि पांढरी एकाच खड्ड्यात शेजारी शेजारी मातीत लोळत होत्या, पंख पसरून, डोळे मिटून.

सगळी भांडणं दोन वेळांना: सकाळी खाद्याच्या भांड्यापाशी आणि संध्याकाळी दांडीवर.

६ मार्च

तांबडीची तपासणी. दुखणं असलं की कोंबडी चिडखोर होते आणि ती आजार शेवटपर्यंत लपवते, म्हणून ही पायरी टाळायची नाही. पंख अंगाशी धरून बगलेत घेतली आणि वरून खाली तपासत गेले. डोळे स्वच्छ. नाकातून स्राव नाही. सकाळी गळ्यातली अन्नाची पिशवी रिकामी होती, म्हणजे पचन चालू आहे. पोट मऊ, अंडं अडकलेलं नाही. पायांच्या तळव्याला गाठ नाही. पिसं फुंकून कातडी पाहिली: उवा नाहीत, पिसांच्या मुळाशी लिखांचे पुंजके नाहीत.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. छातीचं हाड हाताला जरा जास्त लागतंय. आणि तुरा फिका आहे. काळीच्या शेजारी धरून पाहिला तर फरक स्पष्ट दिसतो.

८ मार्च

सकाळच्या भांडणाचा बंदोबस्त. सहा कोंबड्यांना एकच भांडं होतं आणि तेही कोपऱ्यात. कोपऱ्यात भांडं असलं की एकटी तांबडी समोर उभी राहून सगळ्यांची वाट अडवू शकते. आता दोन भांडी, अंगणाच्या दोन टोकांना, दोन्हींच्या चारी बाजू मोकळ्या. पाणीही दोन जागी. मध्ये जुनी फळी आडवी उभी केली, म्हणजे एका भांड्यावरून दुसरं दिसत नाही. खालच्या कोंबडीला लपायला आडोसा मिळाला की निम्मे पाठलाग सुरूच होत नाहीत.

खाद्यही बदललं. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या तयार खाद्यात साधारण १६ टक्के प्रथिनं असतात, मक्यात त्याच्या जवळपास निम्मी. वर मुठीमुठीने धान्य टाकत गेलं की पोट भरतं पण प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही पातळ होत जातात. आता तयार खाद्य दिवसभर, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, आणि धान्य फक्त संध्याकाळी, तेही तुसात विखरून, म्हणजे उकरायला काम मिळतं.

१० मार्च

सकाळ शांत. दोन भांड्यांचा उपयोग झाला. संध्याकाळ तशीच.

शेजारचे काका कुंपणापाशी आले होते. म्हणाले, "अगं, चोचीचं टोक उडव तिच्या. आपोआप गप्प बसेल." मनापासून सांगत होते, म्हणून त्यांनाही कारण नीट सांगितलं. चोच म्हणजे मेलेलं नख नव्हे. तिच्या टोकात हाड आहे, रक्त आहे, आणि स्पर्श व वेदना कळणाऱ्या मज्जातंतूंची टोकं खच्चून भरलेली आहेत. त्या टोकाने कोंबडी दाणा चाचपते, पिसं साफ करते, अंगावरचे किडे टिपते. मोठ्या कोंबडीची चोच कापली तर कापल्या जागी मज्जातंतूंच्या गाठी होऊन दुखणं कायमचं मागे लागू शकतं. आणि जिला आधीच काहीतरी सलतंय तिला आणखी एक दुखणं देऊन ती शांत होईल हे मला पटत नाही. नखासारखं वाढलेलं टोक कानशीने जरा बोथट करणं वेगळं, ते चालतं.

चोचीवर अडकवायची प्लॅस्टिकची झापडंही मिळतात, त्यांनी समोरचं दिसत नाही म्हणून नेम चुकतो. नाकाच्या पडद्यातून काडी आरपार घालावी लागते ती तर मी कधीच वापरणार नाही. बिनकाडीची शेवटचा उपाय म्हणून लक्षात ठेवलीत, पण ती लावली तर कारण तसंच राहील आणि आपल्याला दिसायचं बंद होईल.

१२ मार्च

सापडलं.

संध्याकाळच्या नोंदी परत परत वाचत होते आणि एक गोष्ट वर आली. तांबडी दांडीवर आपल्या जागेसाठी भांडत नाही. तिची जागा भिंतीकडच्या टोकाला आहे आणि तिथे दुसरी कोणी जातही नाही. ती स्वतःची जागा सोडून मधे घुसते आणि मधल्यांच्या डोक्यात टोचून त्यांना खाली पाडते. म्हणजे तिला तिथे बसायचं नाहीये. शिवाय अलीकडे ती सगळ्यांत शेवटी आत शिरते, दारात घुटमळते. आणि कवडी? तिची रोजची जागा तांबडीला अगदी लागून.

रात्री दहाच्या सुमारास विजेरी आणि पांढरा कागद घेऊन गेले. तांबडी जागी होती. बाकीच्या मान पंखात घालून झोपलेल्या, ही मात्र पाय बदलत होती, वाकून पायांना टोचत होती. तिला उचलून दांडीच्या टोकावर, भिंतीत जिथे दांडी बसवलीय तिथल्या फटीवर उजेड टाकला. राखेसारखं काहीतरी सांडल्यागत दिसलं. ते हलत होतं. दांडीखाली कागद धरून वर बोटाने ठोकलं. कागदावर बारीक ठिपके पडले, एक मिलिमीटरपेक्षाही लहान, काही करडे, काही तांबूस. कागद दुमडून दाबला आणि उघडला तर रक्ताचे डाग.

लाल माइट. हे किडे दिवसा कोंबडीच्या अंगावर राहतच नाहीत, म्हणून ६ तारखेच्या तपासणीत कातडी स्वच्छ निघाली. दिवसभर लाकडाच्या फटीत, दांडीच्या सांध्यात दडून बसतात आणि अंधारात बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितात. उपाशी असले की करडे, प्यायले की लाल. फिका तुरा, खालावलेलं वजन, आत शिरायची नाखुशी, सगळ्याचा उलगडा झाला. रात्रीमागून रात्र झोप नाही, रोज थोडं थोडं रक्त जातंय. ती चिडली नसती तरच नवल.

विजेरी फिरवत दुसऱ्या टोकापर्यंत गेले. मधे तुरळक, दाराकडच्या टोकाला जवळपास नाहीच. काळी दाराकडच्या टोकाला झोपते.

बाहेर येऊन कपडे लगेच धुवायला टाकले. माणसाच्या अंगावर हे किडे टिकत नाहीत, पण चावतात.

१३ मार्च

दिवसभर खुराडं. या कामात घाई चालत नाही, कारण एक फट राहिली की तिथूनच सगळं परत सुरू होतं.

सकाळी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी अंडी देणाऱ्या कोंबड्यांना चालणारं औषध सांगितलं आणि किती दिवस अंडी खायची नाहीत तेही. हे दोन्ही विचारल्याशिवाय काही वापरू नये. शेतात फवारायची औषधं किंवा रॉकेल खुराड्यात मारायचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने कोंबड्यांना विषबाधा होऊ शकते आणि ते अंड्यातही उतरू शकतं.

मग जुनं तूस आणि अंडी घालायच्या खोक्यांतला पेंढा गोण्यांत घट्ट बांधून अंगणाबाहेर नेला. दांडी खिळ्यांसकट उपटली. तिच्या टोकाखाली, भिंतीच्या लाकडात, नाणं उभं राहील एवढी खाच होती आणि खाच पूर्ण भरलेली: जिवंत किडे, त्यांच्या कात, अंडी, सगळ्याचा करडा थर. सुरीने खरवडून उकळत्या पाण्यात टाकला. सगळ्या फटींमधून उकळतं पाणी ओतलं, साबणाच्या पाण्याने घासलं, दारं उघडी टाकून खडखडीत वाळवलं. मग औषध. वाळल्यावर फटी बुजवल्या आणि आतून चुना मारला.

जुनी दांडी जाळली. नवीन दांडी दोन बाजूंच्या उभ्या पायांवर ठेवलीय, भिंतीला कुठेही टेकत नाही आणि हातात उचलून बाहेर काढता येते. कडा घासून गोल केल्यात. प्रत्येकीला किमान आठ-दहा इंच मिळावेत असा हिशोब असतो, इथे त्याहून जास्त आहे. आणि सगळी दांडी एकाच उंचीवर ठेवली. उंच-सखल असली की सगळ्यात उंच जागेसाठी वाद होतो.

मातीत लोळायच्या खड्ड्यात कोरडी माती, वाळू आणि चाळलेली लाकडाची राख. हा कोंबडीचा स्वतःचा इलाज, तो कायम हाताशी असला पाहिजे.

१४ मार्च

तांबडी अंधार पडायच्या आधी आत गेली. थोडी टोचाटोची झाली, पण ती सगळ्यांचीच. दांडी नवीन असल्याने जागा नव्याने ठरत होत्या.

२० मार्च

औषधाची दुसरी फेरी. उबदार हवेत या किड्यांची अंड्यापासून मोठं होईपर्यंतची फेरी साधारण आठवड्यात पुरी होते, आणि पहिल्या फेरीत अंडी वाचतात. एकदाच करून सोडून दिलं तर पहिली मेहनत वाया. रात्री कागद ठोकून पाहिला: दोन-तीन ठिपके, सगळे करडे.

संध्याकाळची भांडणं थांबल्यातच जमा आहेत. तुऱ्याला रंग चढतोय.

कवडीची जखम भरली, खपली गेली, म्हणून दुपारी तिला कळपात सोडलं. तांबडी अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून धावत आली. कवडी नुसती उभी होती, भांड्यापाशी नव्हती, दांडीवर नव्हती. तुऱ्यावर दोन टोची बसल्या आणि मी कवडीला उचललं. मूळ कारण गेलं तरी सवय उरते. कवडी दिसली की टोचायचं, एवढं तिच्यात बसलंय. आणि कवडीही तांबडी दिसली की पळते. पळणाऱ्याचा पाठलाग होतोच.

२१ मार्च

आज जाळीआड तांबडी.

मार खाणारीला बाजूला काढणं हे जखमेपुरतं ठीक. पण तिला जेवढं जास्त दिवस बाहेर ठेवावं तेवढी ती परकी होते आणि मारणारीची जागा पक्की. उलट मारणारीला थोडे दिवस बाहेर ठेवलं की मागे राहिलेल्या आपसात जागा ठरवतात, आणि ती परत येते तेव्हा तिला नव्याने शिरावं लागतं. तिचा जोर नकळत कमी होतो.

जागा अंगणातच, सावलीत. खाद्य, पाणी, बसायला काठी, लोळायला मातीचं घमेलं. ही शिक्षा नाही. तिला बरं वाटेल अशीच जागा असायला हवी, नाहीतर ती नव्याने चिडून परत येईल.

कवडी मोकळी. पहिला तासभर ती फळीच्या आडोशाला उभी राहिली. मग तलंगांबरोबर चरायला लागली.

२३ मार्च

कवडी काळीच्या शेजारी एका भांड्यात खातेय. तांबडी जाळीजवळ येऊन मान फुगवते, कवडी बघते आणि खात राहते. मला हेच हवं होतं, तिने पळणं सोडायला हवं.

२५ मार्च

तांबडीला परत सोडलं. वेळ मुद्दाम दुपारची निवडली, भांड्यांची आणि दांडीची गडबड नसते तेव्हाची. सगळ्या अंगणात पालेभाजीचे देठ विखरले, म्हणजे सगळ्यांच्या माना खाली.

काळी सरळ तिच्यापुढे आली. दोघी छातीला छाती लावून उभ्या राहिल्या, काळीने एकच टोच मारली आणि तांबडीने डोकं खाली घेऊन बाजू बदलली. मग ती कवडीच्या जवळून गेली. मान उचलली, पिसं अर्धवट फुलवली. कवडी दोन पावलं बाजूला झाली. पळाली नाही. तांबडीने देठ उचलला.

मी हातातलं पुठ्ठं खाली ठेवलं. भांडण पेटलं तर दोघींच्या मध्ये घालायला ते घेऊन उभी होते. दोन कोंबड्यांच्या मध्ये हात कधी घालू नये, पुठ्ठं किंवा फळी घालावी.

३० मार्च

नवीन प्रकार, आणि पहिल्यांदा वाटलं की सगळं परत सुरू झालं.

मुलगी अंडी काढायला गेली आणि हात झटकत आली. "आई, तांबडीने टोचलं. आणि फुगून केवढी मोठी झाली!" मनगटाजवळ लाल वळ, कातडी जराशी सोललेली. आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुतला. कोंबडीच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, छोट्या खरचट्यालाही हा नियम.

मग खोक्यात वाकून पाहिलं. तांबडी चपटी होऊन बसलेली, प्रत्येक पीस उभं, शेपटी पंख्यासारखी, घशातून खोल गुरगुर. पोटाखाली हात घातला तर कातडी उघडी आणि गरम, पिसं तिने स्वतः उपटून खोक्यात अंथरलेली. खुडूक झालीय.

मुलीला समजावलं: हे आधीच्या टोचण्यासारखं नाही. आधी तिला काहीतरी छळत होतं, आता ती राखण करतेय. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलं की कोंबडी अंड्यांवर बसते, दिवसातून एखाद्या वेळीच उठून खाते, पिते आणि परत येऊन बसते. जवळ येणारा प्रत्येक हात तिला अंडीचोर वाटतो. मुलगी म्हणाली, "मग तिला बसू दे ना." प्रश्न रास्त होता. पण कळपात कोंबडा नाही, म्हणजे अंड्यांत जीव नाही. २१ दिवसांनी पिल्लं निघतात. इथे काहीच निघणार नाही आणि ती त्यानंतरही बसून राहील, खंगत जाईल. नुकतीच वजन भरून काढायला लागलेल्या कोंबडीला हे परवडणारं नाही. शिवाय रात्रंदिवस एका जागी बसलेली कोंबडी म्हणजे उरल्यासुरल्या माइटना तयार ताट.

तळाला तारेची जाळी असलेला पिंजरा विटांवर ठेवलाय, म्हणजे खालून हवा खेळते आणि पोट गार राहतं. आत पेंढा नाही, खाद्य आणि पाणी भरपूर. पिंजरा कळपाच्या मध्येच, उजेडात. पाण्यात बुडवून खुडूक मोडायची पद्धत ऐकलीय; ती मला क्रूर वाटते आणि गरजेचीही नाही.

१ एप्रिल

पिंजऱ्यातून काढून पाहिली. सरळ अंडी घालायच्या खोक्याकडे धावली. परत पिंजऱ्यात.

३ एप्रिल

आज काढलं तर खाद्याकडे गेली, मग मातीत लोळायला. खोक्याकडे पाहिलंही नाही. गुरगुर बंद, पिसं बसलेली. अंडी परत सुरू व्हायला वेळ लागेल, त्याची घाई नाही.

कळपाच्या डोळ्यांसमोरच होती म्हणून परत घेताना कोणी विशेष दखल घेतली नाही.

९ एप्रिल

मुलगी अजून बिचकते, आणि हात बिचकून मागे गेला की तांबडी त्यावर झेप घेते. एका वेळी दोघींना शिकवायचं आहे.

मुलीसाठी ठरवलेल्या गोष्टी: बंद बूट. वाकून तोंड कोंबडीच्या उंचीला न्यायचं नाही, कारण चकाकणारा डोळा हे कोंबडीला टोचायला सोपं लक्ष्य आहे आणि तिथे एक टोचसुद्धा फार महाग पडेल. तांबडी अंगावर आली तर पळायचं नाही, लाथही नाही; जागेवर उभं राहायचं, ती वळेपर्यंत. खोक्यात कोंबडी असेल तर अंडी नंतर.

तांबडीसाठी: हात वरून यायचा नाही. झडप वरूनच येते, घारीची असो की माणसाची. मुलगी बाकावर बसते, तळहात मांडीवर उघडा, त्यात थोडे दाणे. आधी काळी आली, ती येतेच. तिच्यामागून तांबडी. मान लांब करून एक दाणा उचलला, मागे सरकली, परत आली. टोच तळहाताला लागली पण ती दाणा उचलायची टोच होती, हलकी. मुलीने हात हलवला नाही.

१९ एप्रिल

आजची स्थिती. तांबडी अजून टोचते. भांड्यापाशी तलंग मधे आली की एक टोच, ती बाजूला होते, संपलं. पाठलाग नाही, रक्त नाही, कोणी कोपऱ्यात तोंड खुपसून उभं नाही. एवढी टोचाटोची कळपात असणारच आणि ती मोडायचा प्रयत्न मी करणार नाही. कवडीच्या मानेवर नवीन पिसांच्या खुंट्या आल्यात. त्यात रक्त असतं, मोडल्या तर वाहतं, म्हणून तिच्यावर आणखी काही दिवस लक्ष. तांबडीचा तुरा लाल आहे, छातीचं हाड हाताला कमी लागतं आणि कालपासून तिची अंडी सुरू झालीत.

हे सगळं करूनही रक्त थांबलं नसतं तर तिला एखाद्या शांत, मोठ्या कोंबडीबरोबर कायमचं वेगळं अंगण करून दिलं असतं. किंवा दुसऱ्या कळपात दिलं असतं, घेणाऱ्याला सगळं खरं सांगून. एकटं ठेवलं नसतं. कोंबडी एकटी ठेवण्याचा प्राणी नाही.

उरलेली कामं: दर आठवड्याला दांडी उचलून टोकं बघणे आणि रात्री कागद ठोकणे, उन्हाळाभर. माइट उष्णतेत भराभर वाढतात, आणि रिकाम्या फटीत रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरतात, तेव्हा एका स्वच्छ कागदावर विसंबायचं नाही. अंडी घालायच्या खोक्यांच्या मागची फळी सुटी करायची, तिच्यामागे अजून हात पोचत नाही. तलंगा आता अंड्यावर येतील, म्हणून आणखी एक खोकं. ते सावलीच्या बाजूला लावणार आहे.